संग्रह की साठा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुनी नाणी आणि टपाल तिकिटं कशी जपावीत यावर गेल्या अंकात लिहिलं, तेव्हा संग्राहकांची पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक त्यांच्या घरच्यांची. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशी गावं वेगवेगळी, पण गाऱ्हाणं एकच : छंद आता घरात मावत नाही. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. कुणाचंही नाव छापलेलं नाही आणि घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. वस्तू जपण्याचं तंत्र आणि मानसोपचार, दोन्ही बाजूंनी विचार करून उत्तरं दिली आहेत.

आमचे मामंजी निवृत्त शिक्षक. तरुणपणापासून नाणी आणि तिकिटं जमवतात. निवृत्तीनंतर त्यात पितळी कुलपं, बंद रेडिओ, कंदील, लग्नपत्रिका, कॅलेंडरं यांची भर पडत गेली. सोप्यात पाहुण्याला बसायला जागा नाही. त्यांच्या पलंगावर अर्ध्या भागात खोकी आहेत, ते अंग चोरून झोपतात. बोललं की म्हणतात, "छंद आहे, व्यसन तर नाही ना?" कुठपर्यंत याला छंद म्हणायचं? (शहापूर, बेळगाव)

वस्तू किती आहेत, यावरून काही ठरत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्या एकट्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवल्या आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केल्या. दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दारं, सगळं वर्गवारीने लावलेलं आणि लोकांना बघायला खुलं. उलट, दोन खोल्यांच्या घरात चारशे रिकामे डबे असले तरी माणसाला नीट आत येता येत नाही. त्यामुळे मोजदाद सोडा आणि पुढच्या गोष्टी बघा.

मामंजींना एखादी वस्तू नाव घेऊन मागा. "गांधी जन्मशताब्दीचं १९६९ चं तिकीट दाखवता का?" पाच-दहा मिनिटांत ते हाती आलं, तर तो संग्रह आहे. "आहे कुठेतरी, बघू नंतर" असं उत्तर प्रत्येक वेळी येत असेल, तर वस्तू घरात असूनही त्यांच्यापाशी नाही.

मग विचारा, ही का ठेवली? संग्राहकाकडे याला उत्तर असतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव अधिकृतपणे 'बेळगावी' झालं, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या टपालशिक्क्यांची पाकिटं शेजारी शेजारी लावणाऱ्याला आपण काय जमवतोय हे पक्कं ठाऊक आहे. "टाकवत नाही", "लागेल कधीतरी", "फुकट मिळत होतं" ही उत्तरं वेगळ्या जातीची.

तिसरी गोष्ट नकाराची. गेल्या महिन्यात समोर आलेल्या कोणत्या वस्तू त्यांनी घेतल्या नाहीत? खरा संग्राहक घेण्यापेक्षा नाकारतो जास्त. एकाच नाण्याचे दोन नमुने असले तर हलका नमुना देऊन टाकतो किंवा बदलून घेतो. रेडिओ चालू करायचा म्हणून आणला आणि पाच वर्षांत त्याचं मागचं झाकणही उघडलं नाही, मग त्यावर दुसरा आला, तिसरा आला, तर तिथे निवड थांबली आहे.

सगळ्यात मोठा निकष जागेचा. पलंगावर झोपता येतं का, ओट्यावर स्वयंपाक होतो का, न्हाणीघरात अंघोळ करता येते का? खोली ज्या कामासाठी आहे ते काम तिथे होत नसेल, तर वस्तू कितीही मोलाच्या असोत, मदत घ्यायची वेळ आली आहे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली 'होर्डिंग डिसऑर्डर', म्हणजे वस्तू साठवत राहण्याचा विकार, हा स्वतंत्र आजार मानला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. त्याआधी त्याला ओसीडीचाच, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराचाच, एक प्रकार समजत. निदान करताना डॉक्टर तीन गोष्टी धरून चालतात : वस्तूची किंमत काहीही असो, ती सोडणं सतत जड जातं, सोडायच्या विचारानेच जीव कासावीस होतो, आणि साठ्यामुळे राहत्या खोल्या वापरात राहत नाहीत. घर किती भरलंय हे ठरवायला तज्ज्ञ एकाच खोलीची नऊ छायाचित्रं वापरतात. पहिल्यात खोली मोकळी, नवव्यात जमीनच दिसत नाही. आपली खोली चौथ्या चित्रासारखी किंवा त्याहून भरलेली असेल, तर तज्ज्ञाला दाखवावं असं मानतात.

तुमच्या पत्रावरून आम्हाला दिसतं ते असं : नाणी आणि तिकिटं हा शाबूत संग्रह आहे आणि त्याच्याभोवती गेल्या काही वर्षांत साठा वाढला आहे. हे फार घरांत होतं. निवृत्तीनंतर वेळ मोकळा होतो, कुणी कामाला बोलावत नाही, आणि वस्तू आणणं हेच काम होऊन बसतं. त्यामुळे दोन्हींना एकाच तोंडाने नावं ठेवू नका. तिकिटांचा अल्बम मागून बघा, मनापासून बघा. मग फक्त पलंगाविषयी बोला : "मामा, खोकी टाकायची नाहीत, पलंगावरून हलवूया. रात्री उठताना पाय अडकून पडलात तर?" खोकी त्यांनीच उचलावीत किंवा सांगतील तिथे तुम्ही ठेवावीत. पलंग मोकळा झाल्यावर पुढचं.

आई चौसष्ट वर्षांची. वडील गेल्यापासून प्लास्टिकचे डबे, पिशव्या, बाटल्या, जुन्या साड्या, वडिलांची वर्तमानपत्रं सगळं साठवते. स्वयंपाकघरात एकालाच उभं राहता येतं. आषाढी वारीला ती पंधरा दिवस जाणार आहे. तेवढ्यात टेम्पो बोलावून सगळं मोडीत घालावं असं आम्हा भावंडांचं ठरतंय. तिला नंतर बरंच वाटेल ना? (निपाणी)

नाही वाटणार. कृपा करून हे करू नका. पाठीमागे घर रिकामं केलं की दोन गोष्टी होतात. पहिली, आईला ती चोरी वाटते, तीही पोटच्या पोरांनी केलेली. दुःख इतकं होतं की काहींना नैराश्य येतं. दुसरी, घर पुन्हा भरतं, कारण सोडायचं कसं हे ती शिकलेलीच नसते. या वेळी मात्र कुलूप लागतं आणि तुम्हाला आत हात घालू दिला जात नाही. पंधरा दिवसांत मोकळी झालेली जागा वर्षभरात परत भरते आणि विश्वास मात्र परत येत नाही.

तेवढ्या काळात घरात करण्यासारखं एकच आहे : तिला विचारून, तिच्या होकाराने, सुरक्षिततेचं काम. पलंगापासून दारापर्यंत आणि न्हाणीपर्यंत तीन फूट रुंद वाट हवी. शेगडीच्या आसपास तीन फुटांत कागद, कापड, प्लास्टिक नको. गॅसचा सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर हात घालून बंद करता आला पाहिजे. वीजमीटर, स्विचबोर्ड आणि निदान एक खिडकी मोकळी हवी. एवढं हलवावं लागलं तर वस्तू हलवायच्या, टाकायच्या नाहीत.

ती परत आली की कामाला लागा, पण तिच्या हेतूने. "घर साफ करू" हा तुमचा हेतू झाला. तिला काय हवंय ते विचारा. बहुतेक घरांत उत्तर साधं असतं : गौरी-गणपतीला सोप्यात मखर बसावं, नातवंडांना रात्री झोपायला जागा व्हावी, पडायची भीती जावी. तो हेतू तिच्याच शब्दांत कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढे अडलं की वाद घालायचा नाही, त्या कागदाकडे बोट दाखवायचं.

सुरुवात तीन फूट बाय तीन फुटांच्या एका तुकड्यापासून. बसणं अर्ध्या ते पाऊण तासाचं, आठवड्यातून तीन-चार दिवस. वडिलांची वर्तमानपत्रं आणि साड्या शेवटी. त्यांत माणूस गुंतलेला आहे. आधी मुदत संपलेली औषधं, तडकलेलं प्लास्टिक, झाकण नसलेले डबे. वस्तूला हात आईचा. तुम्ही उचलायची असेल तर आधी विचारायचं, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी.

आधी एकसारख्या वस्तू एकत्र करा आणि मगच ठरवा. एक डबा हातात असतो तेव्हा तो "चांगला" असतो. सत्तर डबे एका ओळीत दिसले की तिलाच सत्तरांचा अर्थ कळतो. मग नियम तिने सांगायचा : "झाकणाचे वीस ठेवीन." वीस ऐवजी तीस म्हणाली तरी मान्य करा. ढीग तीन : राहील, जाईल, नंतर ठरवीन. 'नंतर'साठी एकच खोकं, त्यावर आजची तारीख. ते भरलं की त्यातलं एक ठरवल्याशिवाय नवं आत जात नाही.

जे जाईल ते त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे. रद्दीवाल्याला किंवा भंगारवाल्याला वेळ आधी सांगून ठेवा. ओसरीवर रात्रभर राहिलेल्या पोत्यातल्या अर्ध्या वस्तू सकाळी पुन्हा आत आलेल्या असतात. आणि रद्दीचे किती पैसे आले हा हिशेब तिच्यासमोर नको. तिने आठ वर्षं जपलेल्या गोष्टीचे ऐंशी रुपये झाले हे ऐकणं फार लागतं.

कामं फसतात ती ठरावीक ठिकाणी. पहिल्याच दिवशी प्लास्टिकची मोठी खोकी आणि रॅक विकत आणले जातात. मग साठा कमी होण्याऐवजी रचला जातो. एका रविवारी सगळं घर काढलं जातं. संध्याकाळी सगळे दमलेले, ढीग मधोमध आणि भांडण पेटलेलं. किंवा एकच वस्तू या ढिगातून त्या ढिगात फिरत राहते. तिसऱ्यांदा हातात आलेल्या वस्तूचा निर्णय तिथल्या तिथे करायचा असं आधीच ठरवून घ्या.

नवी वस्तू येणं थांबलं नाही तर हे सगळं फुकट. आठवडी बाजाराला तिच्यासोबत जा, भाजीपुरतेच पैसे घ्या आणि जे घ्यावंसं वाटतं त्यासमोर नुसतं उभं राहून परत या. ओढ आधी वाढते, मग बहुतेकांची अर्ध्या तासात उतरते. ती उतरते हे अनुभवाने कळणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे. मानसोपचारात हे सगळं ठरवून, पायरी पायरीने करून घेतात. वीस ते सव्वीस बैठका, म्हणजे सहा महिने ते वर्ष लागतं. साठवण्याच्या सवयीवर गोळ्यांचा उपयोग मर्यादित दिसला आहे. पण सोबत नैराश्य किंवा चिंता असेल, आणि ती पुष्कळदा असते, तर तिच्यावर औषध लागू पडतं आणि मग वस्तू सोडणंही थोडं सोपं जातं. वडील गेल्यानंतर हे वाढलंय, म्हणून आईची झोप, भूक, रडू येणं यांविषयी डॉक्टरांना जरूर सांगा.

माझ्याकडे सुमारे दोन हजार दिवाळी अंक आणि बारा वर्षांचं एक दैनिक आहे. माळ्यावर एका भिंतीला लावून व्यवस्थित रचलंय, यादी आहे, कुठलाही अंक लगेच काढून देतो. बायको म्हणते हा रोग आहे. मला तसं वाटत नाही. कौलारू घर, पाऊस भरपूर. (खानापूर तालुका)

यादी आहे आणि अंक सापडतो, म्हणजे छंदाच्या बाजूने तुमचं पारडं जड आहे. आम्हाला काळजी वाटते ती तुमच्या माळ्याची.

वजन करून बघू. दिवाळी अंक सरासरी साडेतीनशे ग्रॅमचा धरला तर दोन हजारांचे ७०० किलो. दैनिकाचा अंक १२० ग्रॅमचा धरला तर बारा वर्षांचे सव्वापाचशे किलो. एकूण सव्वा टन. हे बारा फूट लांब, दोन फूट रुंद पट्ट्यात रचलं असेल तर चौरस मीटरला साडेपाचशे किलो पडतात. राहत्या घराची काँक्रीटची जमीनसुद्धा चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखतात. जुना लाकडी माळा तर आंबे, कांदे, गौऱ्या आणि फार तर दोन ट्रंका ठेवायला बांधलेला. त्यात कौलातून पाणी झिरपलं की कागद ते पितो आणि वजन आणखी वाढतं, आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात ती नेमकी बाहेरून न दिसणाऱ्या जागी. या पावसाळ्याच्या आधी साठा खाली आणा. माळ्याच्या फळ्या मधोमध बाकलेल्या दिसल्या, चालताना कुरकुर वाढली किंवा तुळईच्या टोकाशी भुसा पडलेला दिसला, तर आजच आणा, आणि उतरवताना दोघांनी एकदम वर चढू नका.

खाली ठेवताना भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून निदान सहा इंच अंतर ठेवा. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा. माजघराची आतली भिंत सगळ्यात बरी. लोखंडी मांडणी घ्या, लाकडीला वाळवी लागते. अंक घट्ट कोंबू नका, ओलाव्याने कागद फुगतो आणि काढताना कणे फाटतात. खोलीत एक आर्द्रतामापक टांगा. काटा सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी धरणारच. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात टाकण्याचा काही उपयोग नाही, त्या झाकण बसणाऱ्या डब्यातच काम करतात. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून गळती झाली तर उद्यावर टाकू नका : पानांत कोरा कागद घाला, पंख्याखाली पसरा, ऊन दाखवू नका. कसर लागलेला अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, काढल्यावर एक दिवस पिशवी तशीच बंद राहू द्या, नाहीतर दव धरतं. घरात तान्हं मूल असेल तर डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते.

आता दैनिकाचं. वर्तमानपत्राचा कागद लाकडातलं लिग्निन हे द्रव्य असलेल्या लगद्याचा असतो, तो काहीही केलं तरी पिवळा पडून मोडतो. बारा वर्षांचे सगळे अंक ठेवण्यामागे तुमचा विषय काय आहे? तो एका ओळीत लिहून बघा. 'सीमाभागातून निघालेले दिवाळी अंक' हा विषय आहे. '१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापर्यंतची पत्रकं आणि कात्रणं' हा तर फार मोलाचा विषय आहे. असे कागद कुणाकडे असतील तर आम्ही हात जोडून सांगतो, रद्दीत घालू नका. 'छापलेलं सगळं' हा विषय होत नाही. विषयात बसतील ती पानं कापा, प्रत्येकावर दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक पेन्सिलीने लिहा, मोबाइलवर छायाचित्र काढा आणि उरलेलं जाऊ द्या. सव्वापाचशे किलोंचे पंचवीसही राहणार नाहीत. बायकोचं म्हणणंही मग वेगळं असेल.

मोबाइलवर जुन्या नोटा-नाणी घेतो. ७८६ क्रमांकाच्या, ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या. जुन्या पाचशेच्या चाळीस नोटाही आहेत. ट्रॅक्टरच्या नोटेला लाखो रुपये देतो म्हणणाऱ्याने 'नोंदणी शुल्क' मागितलंय. भरू का? पगारातले बरेच पैसे यात जातात. (चिकोडी)

एक रुपयाही भरू नका. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट कोट्यवधींनी छापलेली आहे आणि आजही चलनात आहे. आधी शुल्क, मग जीएसटी, मग 'क्लिअरन्स' अशी ही फसवणूक चालते. असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केलं होतं. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा; पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते.

पाचशेच्या चाळीस नोटांचं मात्र गंभीर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटा २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी मर्यादा पंचवीसची. दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी मूल्याच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तिथपर्यंत. बँका आता त्या घेत नाहीत. वकिलाला विचारून जादा नोटांची विल्हेवाट लावा आणि आणखी विकत घेऊ नका.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर आम्ही थांबलो. घेताना मजा येते आणि घरी आलेलं पाकीट उघडायचाही उत्साह नसतो, असं होतं का? तसं असेल तर ओढ नोटांची नाही, घेण्याची आहे. खरेदीची ॲप काढा, कार्डाचे जतन केलेले क्रमांक पुसा, आणि कोणतीही वस्तू ७२ तास थांबूनच घ्यायची असं ठरवा. महिन्याची रक्कम आधी बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवा. हे तीन महिने पाळून बघा. मोडत राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

मुलगा आठ वर्षांचा. काडेपेट्यांची कव्हरं, गोट्या, चॉकलेटचे कागद, दगड सगळं जमवतो. टाकलं तर रडतो. काळजीचं आहे का? (संकेश्वर)

बहुधा नाही. या वयात जवळजवळ सगळीच मुलं काही ना काही जमवतात. त्यातून ती वेगळं करायला, लावायला आणि अदलाबदल करायला शिकतात. त्याला एक पेटी द्या, भरली की काय ठेवायचं ते त्याने ठरवायचं. न सांगता टाकू नका, त्यानेच तो घट्ट धरून बसेल. मात्र गृहपाठाचे कागद, तुटक्या पेन्सिली, खाऊचे उष्टे कागद यांतलंही काही सोडवत नसेल, आणि दुसऱ्या कुणाचा हात लागला तरी आकांत होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. मोठ्यांच्या आजाराची पहिली लक्षणं पुष्कळदा अकरा ते पंधरा या वयात दिसतात.

वडील बाहत्तर वर्षांचे, कायम नीटनेटके. गेल्या आठ-दहा महिन्यांत रस्त्यावरच्या बाटल्या, चिंध्या, पुठ्ठे उचलून आणतात. आधी असं कधीच नव्हतं. गोड फार खातात, बोलणं उद्धट झालंय. (वडगाव, बेळगाव)

या पत्राचं उत्तर आम्ही टपालानेही पाठवलं आहे, थांबायला नको म्हणून. होर्डिंगचा आजार हळूहळू, दशकानुदशकं वाढतो. सत्तरीनंतर अचानक सुरू झालेलं साठवणं, सोबत स्वभाव बदलणं आणि गोडाची हाव ही मेंदूच्या पुढच्या भागाच्या स्मृतिभ्रंशाची लक्षणं असू शकतात. लहानसा पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्यानेही असं होतं. पार्किन्सन म्हणजे कंपवातावरच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या काही गोळ्यांनी वस्तू घेण्याची, हाताळण्याची अनावर ओढ लागते. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना चालू औषधांची यादी न्या आणि बदल कधीपासून कोणत्या क्रमाने झाले ते तारखांसह लिहून न्या. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर यांची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय सांगितला जाईल. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे; पुढच्या तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. वडिलांना दोष देऊ नका. उचलून आणलेलं उघडं अन्न, सुया, गंजके पत्रे मात्र रोजच्या रोज घरातून काढा. इथे आधीच्या उत्तरातला 'विचारल्याशिवाय नाही' हा नियम लागू नाही.

पती गेले. त्यांची लोखंडी पेटीभर नाणी आहेत. एक जण चांदीच्या वजनाने घेतो म्हणतोय. द्यावीत का? (टिळकवाडी, बेळगाव)

आत्ता काहीच देऊ नका, आणि पुसूही नका. चिंच, राख, भांड्यांची पावडर लावली की वरचा जुना थर जातो आणि त्यासोबत किंमतही जाते. नाणी मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत असतील तर तेवढी बाहेर काढा. त्यातून चिकट हिरवा थर सुटतो. कोऱ्या कागदी पाकिटांत एकेक ठेवा.

मग यादी करा : दोन्ही बाजूंचं छायाचित्र, वर्ष, वजन. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. त्यात १९३९ पर्यंत जवळजवळ ९२ टक्के चांदी होती, १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच, आणि १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. सगळे एका काट्यावर तोलणारा माणूस त्यातला एखादा १९३९ चा रुपयाही चांदीच्या भावात नेईल, आणि तो दुर्मिळ आहे. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं नाणं, तांब्याची असली तरी तांब्याच्या भावाने द्यायची नसते. तीन वेगवेगळ्या जाणकारांकडून लेखी किंमत घ्या आणि पेटी कुणाच्याही घरी पाठवू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात, त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पेटीत जुनी मूर्ती किंवा सचित्र पोथी निघाली तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी झाली आहे का ते आधी बघा.

पतींची वही, चिठ्ठ्या, कुठे काय घेतलं त्याची टिपणं पेटीत असतील तर ती नाण्यांसोबतच ठेवा. जाणकार सगळ्यात आधी तीच मागतो.